मुलांच्या उच्च शिक्षणाचा खर्च आणि शेतकऱ्याचे वार्षिक अंदाजपत्रक

आषाढ लागला की नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात आडसाली उसाच्या लागणीची धांदल सुरू होते. सऱ्या सोडणे, बेणे तोडून आणणे, बेणेप्रक्रिया करणे, खताचा पहिला हप्ता देणे ही सर्व कामे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत उरकावी लागतात. नेमक्या याच दिवसांत बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींच्या प्रवेशाच्या याद्या लागत असतात. एका हातात बेण्याचे बिल व दुसऱ्या हातात कॉलेजच्या फीचा कागद, अशी घरधन्याची अवस्था होते. मागील हंगामाच्या उसाचे पैसे सोसायटीच्या कर्जात वळते झालेले असतात. उरले ते उन्हाळ्यातील लग्नकार्यात व घरदुरुस्तीत गेलेले असतात. मग कोणी पीककर्जातून फी भरतो, कोणी दुभती गाय बाजारात नेतो, कोणी घरातील स्त्रियांचे दागिने सोनेतारणास ठेवतो. मुलीच्या बाबतीत तर पुष्कळदा ‘यंदा राहू दे, पुढच्या वर्षी पाहू’ असे म्हणून विषय मिटविला जातो, आणि ते पुढचे वर्ष बहुधा उजाडत नाही.

शेतकरी कुटुंबास शिक्षणासाठी पैसा अपुरा पडतो, हे खरेच आहे. परंतु बारामती व इंदापूर तालुक्यांतील अनेक घरांचा हिशेब मांडून पाहिल्यास असे दिसेल की, पैसा अपुरा पडण्याच्या आधी तो अवेळी पडतो. उसाचे पैसे हिवाळ्यात व उन्हाळ्यात येतात, फी पावसाळ्यात भरावी लागते. शासनाची शिष्यवृत्ती मंजूर होते, पण ती हाती येईपर्यंत कित्येक महिने लोटतात. खोलीचे भाडे मात्र दर महिन्याच्या पाच तारखेस द्यावेच लागते. पेरणीपूर्वी बी-बियाण्याची तजवीज जशी आपण आगाऊ करतो, तशी ती मुलांच्या शिक्षणासाठी का करीत नाही, हा या लेखाचा विषय आहे.

फी वेगळी आणि राहण्याचा खर्च वेगळा

कॉलेजचा खर्च म्हटला की प्रथम फी डोळ्यांसमोर येते. वास्तविक घराबाहेर राहून शिकणाऱ्या मुलाचा खर्च दोन निरनिराळ्या प्रकारचा असतो. फी वर्षातून एकदा वा दोनदा, मोठ्या रकमेने भरावी लागते. खोली, खानावळ, प्रवास व किरकोळ खर्च हा दर महिन्यास, लहान लहान रकमेने होतो. पहिल्या प्रकारासाठी शासनाच्या सवलती पुष्कळ आहेत; दुसऱ्यासाठी त्या आहेत, पण थोड्या आहेत, आणि सर्वांस मिळतीलच असे नाही. फी माफ झाली म्हणून आनंदाने पुण्यास पाठविलेला मुलगा दिवाळीत पेटी घेऊन घरी परत येतो, तो बहुधा या दुसऱ्या खर्चामुळे.

ही गोष्ट आपल्या जाणत्या पूर्वजांनी फार पूर्वी ओळखली होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात पहिले वसतिगृह काढले व पुढे निरनिराळ्या समाजांसाठी अशी अनेक वसतिगृहे उभारण्यास साहाय्य केले. खेड्यातील मुलास शाळेची दारे उघडी केली तरी रात्री डोके टेकण्यास जागा व दोन वेळचे जेवण मिळाल्याखेरीज तो शाळेत टिकत नाही, हे त्यांनी ताडले होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली त्यांनी साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव देण्यात आले. या वसतिगृहातील मुले एकत्र राहत, एकत्र जेवत व श्रम करून शिकत. धान्य तुटले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरील दागिने, इतकेच नव्हे तर मंगळसूत्रही मुलांच्या जेवणासाठी दिले. पुढे गावोगावच्या घरांतून मूठ मूठ धान्य बाजूस काढून वसतिगृहास देण्याची मुष्टिफंडाची प्रथा संस्थेने रुजविली. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेथे ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत उच्च शिक्षणातही आली.

पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने १९५५ साली विद्यार्थी सहाय्यक समितीचे कार्य सुरू झाले, तेही खेड्यांतून आलेल्या गरजू मुलांच्या राहण्या-जेवणाची अडचण पाहूनच. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या पालकांच्या पाल्यांस फी-सवलत देण्यात आली, तिची उत्पन्नमर्यादा वार्षिक १,२०० रुपये अशी होती. तिलाच लोक ‘ई.बी.सी.’ म्हणू लागले. आज साठी-सत्तरीत असलेल्या कित्येक शिक्षकांनी, बँक कर्मचाऱ्यांनी व कृषी पदवीधरांनी तो ई.बी.सी.चा फॉर्म भरलेला आहे. आजच्या सवलती त्याच वाटेवरच्या आहेत, फक्त फॉर्म आता संगणकावर भरावा लागतो.

पुण्यासच जावयाचे काय?

प्रथम विचार या प्रश्नाचा करावा. एके काळी पदवीच्या शिक्षणासाठी येथील मुलास पुणे वा सोलापूर गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९६२ साली बारामतीस तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झाले. १९७२ साली विद्या प्रतिष्ठानची स्थापना झाली व तिच्या परिसरात पुढे अभियांत्रिकी, जैवतंत्रज्ञान, विधी इत्यादी शाखा निघाल्या. शारदानगर येथे ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचे कृषी महाविद्यालय व मुलींसाठी महाविद्यालय आहे. इंदापुरास कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय आहे. सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरातही शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या आहेत. २०१९ साली बारामतीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. दोन्ही तालुक्यांत औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, आणि बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत शिकाऊ उमेदवारी करण्यास वाव आहे. शिकाऊ उमेदवारास विद्यावेतन मिळते, ही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

घरी राहून शिकणाऱ्या मुलाचे ‘राहणे’ म्हणजे एस.टी.चा पास. विद्यार्थ्यांच्या मासिक पासावर सुमारे दोन तृतीयांश सवलत आहे, म्हणजे तिकिटाच्या एक तृतीयांश पैशात महिनाभर ये-जा होते. बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींस तर पास विनामूल्य मिळतो. इंदापूर ते बारामती हे अंतर सुमारे ५० किलोमीटर आहे. भिगवण, निमगाव केतकी, वालचंदनगर, भवानीनगर ही गावे त्याहून जवळ. मात्र केवळ पास स्वस्त आहे म्हणून निर्णय करू नये. प्रात्यक्षिके संध्याकाळपर्यंत चालतात व गावाकडे जाणारी शेवटची गाडी त्याआधी निघून जाते, अशी स्थिती असेल तर मुलगी दोन महिन्यांत प्रात्यक्षिके चुकवू लागते व वर्षाअखेरीस नापास होते. प्रवेशापूर्वी पालकाने स्वतः एक दिवस त्या गाडीने जाऊन-येऊन पाहावे. बाजारात बैल पाहताना जेवढा वेळ आपण घालवितो, तेवढा येथेही घालविण्यास हरकत नाही.

पुण्यासारख्या शहरी जाणे ज्यांस अपरिहार्य आहे, म्हणजे ज्या शाखेचे शिक्षण येथे नाही किंवा गुणांच्या बळावर शासकीय संस्थेत प्रवेश मिळाला आहे, त्यांनी अवश्य जावे. शासकीय संस्थेतील फी खासगी संस्थेच्या मानाने फारच कमी असते व तीत वसतिगृह मिळण्याची शक्यताही असते. परंतु गावातला दुसरा मुलगा गेला म्हणून आपलाही जावा, हे कारण पुरेसे नाही.

उसाच्या जिवावर किती पेलेल?

आता हिशेब मांडू. येथील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत, प्रत्येकाने आपापले आकडे घालून पाहावे. समजा, एका शेतकऱ्याचा दोन एकर आडसाली ऊस आहे व एकरी ४० टन उत्पादन निघाले. तोडणी-वाहतूक वजा जाता टनास ३,००० रुपये पडले, तर ८० टनांचे २,४०,००० रुपये होतात. त्यातून बेणे, खते, मजुरी व सोसायटीची परतफेड मिळून १,१०,००० रुपये गेले असे धरले तर हाती १,३०,००० रुपये उरतात. परंतु आडसाली ऊस उभा राहतो सोळा महिने. बारा महिन्यांच्या हिशेबाने ही शिल्लक वर्षाला ९७,५०० रुपये पडते. दुसरीकडे, शहरातील खोलीतील एका खाटेचे भाडे ४,००० रुपये, खानावळ ३,५०० रुपये व वरखर्च १,५०० रुपये धरल्यास महिन्यास ९,००० रुपये, म्हणजे दहा महिन्यांस ९०,००० रुपये लागतात. दोन एकर उसाची वर्षभराची शिल्लक एका मुलाच्या केवळ राहण्या-जेवण्यात जाते. घरात खाणारी तोंडे व फी बाजूसच राहिली.

यावरून जो खर्च ज्या गतीने होतो, त्यास त्याच गतीचे उत्पन्न बांधून दिले पाहिजे, असे ठरते. खोलीचे भाडे दर महिन्याचे आहे, आणि आपल्या भागात दुधाचा पगार दर दहा दिवसांस होतो. संकरित गाय दिवसास १० लिटर दूध देत असेल व लिटरला ३० रुपये मिळत असतील तर ३०० रुपये येतात. पेंड, चारा, औषधपाणी वजा जाता त्यांतील १०० रुपये खरोखर उरले तरी महिन्यास ३,००० रुपये होतात. म्हणजे तीन दुभत्या गाई हे एका मुलाच्या शहरातील राहण्याचे साधन होय. तिन्ही गाई एकदम आटणार नाहीत, अशा रीतीने त्यांच्या वेतांची आखणी करावी. घरचा मका असल्यास मुरघास करून ठेवावा. उन्हाळ्यात विकतचा चारा घ्यावा लागला की खोलीचे भाडे चाऱ्यात जाते. अशा गाईंतील एक गाय फीसाठी विकणे म्हणजे आषाढातील एका दिवसाची अडचण टाळण्यासाठी पुढील दहा महिन्यांची अडचण विकत घेणे होय.

फी उसाच्या पैशातून काढावयाची असेल तर ती बिल येताच बाजूस काढावी. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ अन्वये ऊस कारखान्यास गेल्यापासून चौदा दिवसांत रास्त व किफायतशीर दराने पैसे देणे बंधनकारक आहे. पुढचे हप्ते केव्हा येतील ते कारखान्यागणिक बदलते; काही कारखाने हंगाम संपल्यावर खोडकीचा म्हणून हप्ता देतात, तर काही दिवाळीच्या तोंडावर अंतिम बिल काढतात. पहिल्या बिलातूनच फीची अंदाजे रक्कम बँकेत मुदत ठेवीत टाकावी व तिची मुदत जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुरी होईल असे पाहावे. रोख पैसा घरात असला की त्यास पाय फुटतात, हा सर्वांचाच अनुभव आहे.

पीककर्जातून फी भरण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. खताचे पैसे फीत गेले की उसास खत कमी पडते, टनेज घटते, बिल कमी येते व सोसायटीचे कर्ज थकते. तीन लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्यास केंद्र व राज्य शासनांच्या सवलती मिळून व्याज पडत नाही. कर्ज थकले की ती सवलत जाते आणि पुढील वर्षाचे कर्जही अडते. फी भरण्यासाठी दुसरे, योग्य कर्ज उपलब्ध आहे, त्याचा विचार पुढे केला आहे.

सुपे, मोरगाव, लोणी भापकर या बाजूच्या जिराईत गावांत ऊस नाही व तीन गाईंपुरता चारा-पाणीही नाही. तेथील कुटुंबांनी शेळ्यांचा आधार घ्यावा. चार-पाच शेळ्यांपासून वर्षात मिळणारी बोकडे फीच्या सुमारास विकता येतात. ईदच्या बाजारात भावही बरा मिळतो. दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यांत विद्यार्थ्यांस परीक्षा शुल्क माफ असते, हेही ध्यानात असावे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शासनाने राज्यातील ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यांत बारामती व इंदापूर हे दोन्ही होते. अशा वर्षी शुल्क भरले असल्यास परताव्यासाठी कॉलेजात अर्ज करावा लागतो. न मागता परतावा मिळाल्याचे ऐकिवात नाही.

फीची सवलत कोणास व कशी

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेखाली वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या खुल्या प्रवर्गातील कुटुंबांच्या पाल्यांस शिक्षण व परीक्षा शुल्काच्या निम्म्या रकमेची सवलत मिळते. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग व इतर मागासवर्ग यांतील आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. अनुसूचित जाती-जमाती व विमुक्त जाती-भटक्या जमाती यांच्यासाठी स्वतंत्र शिष्यवृत्त्या आहेत.

येथे एक खाचखळगा आहे. या सवलती शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या जागेसच लागू होतात. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेला प्रवेश किंवा खासगी व अभिमत विद्यापीठातील प्रवेश यांस त्या लागू नाहीत. प्रवेशफेऱ्या लांबल्या की पालकांचा धीर सुटतो आणि ‘जागा जाईल’ या भीतीने ते व्यवस्थापन कोट्यातील जागा पैसे भरून घेतात. मागाहून सवलतीचा अर्ज नामंजूर झाल्यावर रदबदलीसाठी धावतात, त्याचा काही उपयोग होत नाही. सर्व फेऱ्या पुऱ्या होईपर्यंत थांबण्याची तयारी ठेवावी.

राहण्याच्या खर्चासाठी प्रथम शासकीय वसतिगृहात अर्ज करावा. तेथे जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांस भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेखाली रक्कम मिळते. पुण्यासारख्या मोठ्या शहरात ती भोजनास ३२,०००, निवासास २०,००० व निर्वाहास ८,००० अशी वार्षिक ६०,००० रुपये आहे. लहान ठिकाणी ती कमी असते. इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी त्याच धर्तीची ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. आदिवासी व धनगर समाजांतील विद्यार्थ्यांसाठीही तशाच योजना आहेत. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या पाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. तीकडे आपल्या भागातील बऱ्याच पालकांचे लक्ष गेलेले नाही. स्वाधार व आधार या योजनांत विद्यार्थी कॉलेज असलेल्या गावचाच रहिवासी असू नये, ही अट आहे. ६०,००० रुपये आले तरी वर उदाहरणात धरलेला ९०,००० रुपयांचा खर्च पुरा होत नाही, व ही रक्कमही हप्त्याहप्त्याने उशिरा येते. तेव्हा पहिले सहा महिने दुधावर काढावयाचे आहेत असे समजूनच चालावे.

कागदपत्रांविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण पात्र असूनही वंचित राहणारे बहुतेक येथेच अडतात. राखीव प्रवर्गातील मुलांनी जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करावा. त्यास लागणारे वाडवडिलांचे जुने पुरावे गोळा करण्यात महिने जातात. तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला एप्रिलनंतर लगेच काढावा, जूनमध्ये सेतू केंद्रावर जी गर्दी उसळते तीत पंधरा दिवस सहज मोडतात. अधिवासाचा दाखला व लागू असेल तर नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र त्याच खेपेस काढावे. पुष्कळ घरांत सातबारा अद्याप आजोबांच्या किंवा एकत्र चुलत्यांच्या नावावर असतो. त्यामुळे अल्पभूधारक असूनही तसा दाखला मिळण्यास अडचण येते. खातेफोड वा वारसनोंद करून घेण्यास मुलाच्या बारावीची वाट पाहू नये. विद्यार्थ्याचे बँक खाते आधारशी जोडलेले असावे, नाहीतर महाडीबीटीवरून मंजूर झालेली रक्कम खात्यात पोहोचत नाही. आणि या सर्व योजनांचा अर्ज दर वर्षी नव्याने भरावा लागतो. पहिल्या वर्षी मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप मिळत नाही.

शैक्षणिक कर्ज

शैक्षणिक कर्जाची आपल्याकडे अकारण धास्ती आहे. हातउसने, सावकारी वा सोनेतारण कर्जापेक्षा ते पुष्कळ बरे. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेखाली चार लाख रुपयांपर्यंत तारण लागत नाही, आणि केंद्राच्या हमी निधीखाली साडेसात लाखांपर्यंतचे कर्जही विनातारण मिळू शकते. फीबरोबर वसतिगृह, पुस्तके व संगणक यांचा खर्चही त्यात धरता येतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. परतफेड शिक्षण पुरे झाल्यावर एक वर्षाने सुरू होते. पालक सहकर्जदार असतो. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. निवडक गुणवत्ताप्राप्त संस्थांत प्रवेश मिळविणाऱ्यांस तीखाली तारण व जामीन यांवाचून कर्ज मिळते, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांस दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात तीन टक्के व्याज सवलत आहे. आपले कॉलेज त्या यादीत आहे की नाही, ते अर्ज करण्यापूर्वी पाहावे.

शिक्षण चालू असताना हप्ता नसला तरी व्याज चढत असते. समजा, चार वर्षे दर वर्षी ७५,००० रुपये उचलले व व्याजाचा दर दहा टक्के आहे. पाच वर्षांअखेर सरळव्याजानेही १,०५,००० रुपये व्याज होऊन तीन लाखांचे कर्ज ४,०५,००० रुपयांवर जाते. उलट व्याज तेवढे महिन्याच्या महिन्यास भरल्यास पहिल्या वर्षी ६२५ रुपये, दुसऱ्या वर्षी १,२५० रुपये, तिसऱ्या वर्षी १,८७५ रुपये व पुढे २,५०० रुपये लागतात, आणि मुलगा नोकरीस लागतो तेव्हा डोक्यावर मूळचे तीन लाखच असतात. पहिल्या दोन वर्षांची ही रक्कम एका गाईच्या दुधातूनही निघू शकते. अर्थात, ज्या अभ्यासक्रमातून बाहेर पडलेल्या आधीच्या तुकड्यांतील मुलांस काम मिळाले नाही, त्यासाठी कर्ज काढू नये. कॉलेजच्या जाहिरातफलकापेक्षा आपल्या पंचक्रोशीतील दोन माजी विद्यार्थ्यांस विचारावे.

शहरातील खोली

प्रस्तुत लेखक पुण्यात शिकत असताना चार मित्रांत मिळून एक खोली घेतली होती. अनामत रक्कम रोख दिली, पावती मागण्याचा संकोच वाटला. वर्षाअखेर खोली सोडताना भिंतीच्या रंगाचे व गळक्या नळाचे कारण सांगून मालकाने ती रक्कम परत दिली नाही. घरी ती बातमी पत्राने कळविण्याचे धैर्य झाले नाही. वडिलांनी ज्वारी विकून ती रक्कम दिली होती. तेव्हापासून अनामतीची पावती, भाड्याची पावती व लेखी करारनामा यांविषयी लेखक विद्यार्थ्यांस आग्रहाने सांगत आला आहे. निर्वाह भत्त्याच्या अर्जासही भाडेकरार मागतात, तेव्हा तो दुहेरी उपयोगी पडतो.

एकाच गावची चार-पाच मुले एकत्र राहिल्यास भाडे विभागले जाते व घरचे धान्य चालते. कर्मवीरांच्या मुष्टिफंडातील तत्त्व येथे सहज लागू पडते. प्रत्येक घराने आळीपाळीने महिन्याचे ज्वारी, गहू, डाळ व तेल पाठवावे, स्वयंपाक मुलांनी स्वतः करावा. एस.टी.ने रोजचा डबा पाठविण्याची प्रथा तालुक्याच्या गावापुरती ठीक आहे. पुण्यापर्यंत उन्हाळ्यात भाजी आंबते, आणि डबा आणण्यासाठी मुलगा रोज स्थानकावर तास घालवितो. मुलींच्या बाबतीत शक्यतो कॉलेजचे वा शासकीय वसतिगृहच पाहावे आणि ते आईने जाऊन पाहावे. पाणी, दिवाबत्ती, रात्रीची राखण या गोष्टी बायकांच्या नजरेस लवकर येतात. फी माफ झाल्यानंतरही ज्या मुली थांबतात, त्या बहुतेक राहण्याची सोय मनासारखी न झाल्याने थांबतात.

कॉलेजातील ‘कमवा व शिका’ योजनेत ग्रंथालय, प्रयोगशाळा वा बागेतील कामाचा ताशी मोबदला मिळतो. तो फार नसतो, परंतु वह्या-पुस्तके व पासाचा खर्च त्यातून भागतो. शेतकऱ्याच्या मुलास त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. रात्रपाळीच्या नोकरीविषयी मात्र लेखकाचे मत प्रतिकूल आहे. तीत पैसा मिळतो व वर्ष जाते.

ग्रामकार्यकर्त्यांनी आपल्या गावी मे महिन्यात एक सभा घ्यावी. दहावी व बारावीस बसलेल्या मुलांची यादी शाळेतून आधीच मागवावी; मुलींच्या आयांना वेगळे निमंत्रण द्यावे, एरवी सभेस बापेच येतात. तलाठी, सोसायटीचे सचिव, बँकेचा एक अधिकारी व सध्या कॉलेजात शिकत असलेला गावचाच एखादा विद्यार्थी यांस बोलवावे. अर्ज कसा भरतात हे त्या विद्यार्थ्यास इतरांपेक्षा अधिक ठाऊक असते. पालकांनी येताना सातबारा व आठ-अचे उतारे, शिधापत्रिका, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला व मागील वर्षाचे उसाचे आणि दुधाचे बिल बरोबर आणावे. सभा संध्याकाळी धारा काढून झाल्यावर ठेवावी, त्याआधी ठेवल्यास कोणी येत नाही.